हातोडा पडला आणि शेत सुटले

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीची ती शेवटची पंचवीस वर्षे होती. इंग्रजांच्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, पण खुद्द इंग्लंडमधले शेतकरी एकामागून एक जमीन सोडून चालले होते. त्यांच्या जिवावर चालणाऱ्या छोट्या गावांतील दुकानदारांचे आणि कारागिरांचे काय झाले, त्याची ही कहाणी.

१८८४ साली इंग्लंडच्या सरे परगण्यातील फार्नहॅम या गावी जॉर्ज स्टर्ट नावाच्या तरुण शाळामास्तराला वडिलांच्या निधनामुळे त्यांचा धंदा हाती घ्यावा लागला. धंदा होता शेतकऱ्यांसाठी गाड्या आणि चाके घडवण्याचा. जॉर्जला पुस्तकांची गोडी होती, सुतारकामाची सवय नव्हती. दुकानातील जुने कारागीर मात्र आपापल्या कामात मुरलेले होते. मालक नवखा आहे म्हणून त्यांनी त्याला फसवले नाही. उलट त्यांनीच त्याला शिकवले.

शिकण्यासारखे होतेही खूप. चाकाचा मधला तुंबा एल्म झाडाच्या लाकडाचा, आरे ओकचे आणि बाहेरच्या घेराचे तुकडे बहुधा ॲशचे. आऱ्याचे लाकूड करवतीने कापायचे नाही, रेषेवर फोडायचे, म्हणजे त्याचा चिवटपणा टिकतो. झाडे हिवाळ्यात तोडायची, खड्ड्यावर आडवी ठेवून एकाने वर आणि एकाने खाली उभे राहून करवत ओढायची आणि मग फळ्या कित्येक वर्षे वाळत ठेवायच्या. म्हणजे आज विकत घेतलेल्या झाडाचे पैसे परत यायला चार-पाच वर्षे सहज लागत. चाक पूर्ण झाले की लोखंडी धाव भट्टीत लाल करून त्यावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. धुराचा लोट उठे, लोखंड आकसे आणि सगळे सांधे कडकड आवाज करीत एकमेकांत बसत. चाक सपाट नसे, उथळ बशीसारखे किंचित खोलगट असे. घोडा चालताना गाडीचा भार डावी-उजवीकडे हेलकावे खातो, तो झेलण्यासाठी ही युक्ती होती. ती कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नव्हती. पुढे १९२३ मध्ये स्टर्टनेच ‘द व्हीलराइट्स शॉप’ या पुस्तकात ती लिहून ठेवली.

स्टर्टला खरा धक्का बसला तो हिशेबाच्या वह्या उघडल्यावर. गाडीला किंवा चाकाला खर्च किती येतो, हे दुकानात कोणालाच ठाऊक नव्हते. दर ठरलेले होते ते वडिलांच्या, कधी कधी तर आजोबांच्या काळात. ‘पूर्वी इतके घेत होतो, म्हणून आताही इतकेच घ्यायचे’ एवढाच त्यामागचा विचार. दर वाढवावे तर गिऱ्हाईक शेजारच्या गावात जाईल ही भीती. त्यातून शेतकऱ्यांची बिले वर्षातून एकदाच चुकती होत. शेतकऱ्याचे वर्ष चांगले गेले तर सुताराचे, लोहाराचे, खोगीर करणाऱ्याचे आणि किराणा दुकानदाराचेही वर्ष चांगले जाई. आणि नेमक्या याच काळात शेतकऱ्याची वर्षे चांगली जाईनाशी झाली होती.

बाजाराचा दिवस

अशा गावाची लोकसंख्या चार-पाच हजारांची असली तरी आजूबाजूची वीस-तीस खेडी त्यावर अवलंबून असत. आठवड्यातून एक दिवस बाजार भरे. त्या दिवशी पहाटेपासून ‘कॅरियर’ची गाडी गावाकडे निघे. कॅरियर म्हणजे ठरावीक खेड्यातून ठरावीक दिवशी गावात येणारा मालवाहू गाडीवान. तो चार पैसे घेऊन माणसे आणी. शिवाय जी माणसे येऊ शकत नसत त्यांची कामेही करी. एकीसाठी औषधाची बाटली, दुसरीसाठी दोन वार कापड, तिसऱ्याचा दुरुस्तीला दिलेला बूट. लिहिता-वाचता न येणारे कॅरियरही असत आणि वीस घरांचे निरोप ते तोंडपाठ ठेवत.

शेतकरी धान्य बाजाराच्या इमारतीत शिरत तेव्हा पोती बरोबर नसत. खिशात नमुन्याची छोटी पिशवी असे. व्यापारी मूठभर गहू तळहातावर घेई, हुंगे, दाताखाली चावून पाही आणि भाव सांगे. सौदा ठरला की दोघेही जवळच्या खानावळीत जात. तेथे बाजाराच्या दिवशी ठरलेल्या किमतीत सर्वांना एकाच टेबलावर जेवण मिळे. अर्धे सौदे या टेबलावरच होत, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

शेतकऱ्याची बायको त्या वेळी दुसरीकडे असे. लोणी आणि अंडी यांचा पैसा बहुतेक घरांत तिचा. टोपलीतला माल ती किराणा दुकानदाराला देई आणि त्याच्याकडून चहा, साखर, मनुका, मेणबत्त्या घेई. दुकानदाराचे काम नुसते पुड्या बांधण्याचे नव्हते. साखर उंच शंकूच्या आकाराच्या ढेपेत येई. ती अडकित्त्यासारख्या चिमट्याने फोडावी लागे. मनुका निवडाव्या लागत, साबणाच्या लांब कांबीतून वजनाप्रमाणे वड्या कापाव्या लागत आणि गावातील पाण्याला जमेल असा चहा मिसळावा लागे. चहातील हे कसब म्हणजे दुकानाची इभ्रत. १८८० च्या दशकाच्या अखेरीस या मिश्रणात आसाम आणि सिलोनचा चहा चिनी चहाला मागे टाकू लागला होता. भेसळही होतीच. ती आवरण्यासाठी १८७५ मध्ये अन्न आणि औषधविक्रीचा कायदा करावा लागला.

कापड दुकानाची तऱ्हा आणखी न्यारी. तेथे किमती एक शिलिंग पावणेबारा पेन्स अशा लावलेल्या. बारा पेन्सचा शिलिंग होई, तेव्हा दोन शिलिंगांना फक्त पाव पेनी कमी. ही पाव पेनी परत देण्याऐवजी दुकानदार टाचण्यांचा एक कागद हातावर ठेवी. सुट्या पैशांऐवजी गोळ्या-चॉकलेट हाती पडण्याचा अनुभव असलेल्या वाचकांना या युक्तीचे नवल वाटू नये.

बायकांच्या हाती अख्खा धंदा असल्याचीही उदाहरणे आहेत. ऑक्सफर्डशायरमधील फ्रिंगफर्ड येथे केझिया व्हिटन ही विधवा टपाल कचेरी आणि लोहाराची भट्टी दोन्ही चालवत होती. तिच्या हाताखाली १८९१ च्या सुमारास कामाला लागलेली चौदा वर्षांची मुलगी पुढे फ्लोरा थॉम्पसन या नावाने लेखिका झाली आणि तिने या साऱ्या जगाचे चित्र पुस्तकांतून रेखाटले.

गव्हाचा भाव पडला

१८७९ चा उन्हाळा इंग्लंडमध्ये आलाच नाही म्हणायचा. पावसाने पीक शेतातच कुजले. ओल्या कुरणांत चरणाऱ्या मेंढ्यांना यकृताचा रोग झाला आणि त्या लाखोंनी मेल्या. पूर्वी असे झाले की निदान धान्याचे भाव चढत आणि थोडीफार भरपाई होई. या वेळी भाव चढले नाहीत. अमेरिकेच्या गवताळ मैदानांतून आगगाड्या आणि वाफेची जहाजे स्वस्त गहू आणून ओतत होती. त्यात हिंदुस्थानचाही वाटा होता. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, १८७३ मध्ये हिंदुस्थानातून जाणाऱ्या गव्हावरील निर्यात कर उठला आणि मुंबई-कराचीच्या बंदरांतून ज्यूटच्या पोत्यांत भरलेला गहू इंग्लंडला जाऊ लागला. दुष्काळाने गांजलेल्या देशातील धान्य तिकडच्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय देत होते. यात दोष ना इकडच्या कुणब्याचा होता, ना तिकडच्या कुळाचा.

आकडे पाहिले म्हणजे घसरण किती खोल होती ते कळते. १८७७ मध्ये एक क्वार्टर, म्हणजे साधारण सव्वादोनशे किलो गव्हाला ५६ शिलिंग ९ पेन्स मिळत. १८९४ मध्ये तोच भाव २२ शिलिंग १० पेन्सवर आला. १८७४ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे ३६ लाख एकरांवर गहू होता, १८९५ मध्ये तो जेमतेम १४ लाख एकरांवर उरला. १८८२ मध्ये ‘डनेडिन’ हे जहाज न्यूझीलंडहून गोठवलेले मांस घेऊन लंडनला पोहोचले आणि मेंढपाळांनाही चाहूल लागली. शहरातील मजुराला पाव स्वस्त मिळाला हे खरे. पण दक्षिणेतील कित्येक परगण्यांत शेतमजुराला आठवड्याला दहा-बारा शिलिंग मिळत होते, आणि गहू पिकवणेच थांबले की तेवढेही मिळत नव्हते.

शेतावरचा लिलाव

इंग्लंडमधील बहुतेक शेतकरी मालक नव्हते, कुळे होती. करार संपे तो २५ मार्चला किंवा २९ सप्टेंबरला. या दोन तारखांच्या आसपास स्थानिक वर्तमानपत्रांचे रकाने लिलावाच्या जाहिरातींनी भरून जात. गावातील भिंतींवर, खानावळीच्या दारावर मोठ्या अक्षरांतील पत्रके लागत. शेताचे नाव, कुळाचे नाव आणि खाली ‘जिवंत आणि निर्जीव’ मालाची यादी. घोडे, गाई, मेंढ्या, डुकरे हा जिवंत माल. नांगर, कुळव, गाड्या, साज, पिंपे हा निर्जीव.

लिलावाच्या सकाळी शेतातील हत्यारे गवतावर रांगेत मांडली जात. फावडी, विळे, दोरखंडांचे गुंडाळे, मोडकी कुलपे यांचे लहान लहान ढीग करून प्रत्येकावर क्रमांक चिकटवलेला असे. लिलाव पुकारणारा गावातलाच ओळखीचा माणूस. १८४५ च्या कायद्याप्रमाणे त्याला वर्षाला दहा पौंड भरून परवाना घ्यावा लागे. तो गवताच्या गाडीवर उभा राही. आधी हत्यारे, मग साज आणि अवजारे, मग जनावरे आणि बहुतेक वेळा शेवटी घरातील सामान असा क्रम असे. आलेल्यांसाठी पाव, चीज, मांस आणि बिअर ठेवलेली असे. पोट भरले आणि घसा ओला झाला की बोली वाढते, हे लिलाववाल्याला चांगले माहीत होते.

पण भाव पडलेल्या वर्षांत बोली लावणार कोण? शेजाऱ्याचीही तीच अवस्था. एकाच महिन्यात एकाच भागात अनेक लिलाव निघाले की चांगली गाय आणि नवी गाडीही मातीमोलाने जाई. फार्नहॅमसारख्या गावातील सुताराला त्यात दुहेरी मार होता. गेलेल्या कुळाचे वर्षाचे बिल बुडण्याची भीती, आणि त्याने घडवलेली गाडी लिलावात स्वस्त मिळते म्हटल्यावर नवी कोण सांगणार? घरातील सामानाचा लिलाव तर पाहवत नसे. लोणी काढायचा रवा, चीज दाबायचा साचा, बिछाने, घड्याळ असे सारे अंगणात. ज्या बाईने वीस वर्षे तो रवा फिरवला, तिच्यादेखत शेजारीण त्यावर बोली लावी. त्यात दुष्टपणा नसे. कित्येकदा तेवढेच चार शिलिंग तिच्या पदरात पडावेत हाच हेतू असे.

स्वतःहून काढलेला लिलाव एक वेळ सुसह्य, जप्तीचा त्याहून वाईट. खंड थकला तर जमीनदाराला कोर्टात न जाता कुळाचा माल जप्त करून विकता येई. पूर्वी सहा वर्षांच्या थकबाकीसाठी हे चाले. १८८३ च्या कायद्याने ती मुदत एका वर्षावर आणली. जमीनदारांनी खंडात सूट दिल्याची उदाहरणेही पुष्कळ आहेत. त्यामागे दयाबुद्धी किती आणि रिकाम्या शेताची धास्ती किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

ज्या लिलावात कोणी बोलले नाही

उत्तर वेल्समध्ये मात्र लोकांनी लिलावच चालू दिला नाही. तेथील शेतकरी बहुसंख्येने वेगळ्या पंथाचे, तरी इंग्लंडच्या अधिकृत चर्चला दशमांश कर देणे त्यांना भाग होते. १८८६ पासून डेन्बीशायरमध्ये अनेकांनी तो द्यायचे नाकारले. मग गाई-गुरे जप्त झाली आणि लिलाववाला शेतावर आला. तो आला की डोंगरांवरून शिंगे फुंकली जात, पत्र्याचे डबे वाजवले जात, जनावरे बुजत आणि जमलेल्या शेकडो लोकांपैकी एकही बोली लावत नसे. १८८७ च्या मे महिन्यात लँगूम येथे जमावाने वसुलीवाल्यांना कोट उलटे घालायला लावून चालवत नेले आणि पुन्हा या कामासाठी येणार नाही असे त्यांच्याकडून लिहून घेतले. पुढच्याच महिन्यात मोख्ड्रे येथे पोलीस आणि शेतकरी यांची झटापट होऊन ऐंशीवर माणसे जखमी झाली. १८९१ मध्ये कायदा बदलला. दशमांश भरण्याची जबाबदारी कुळावरून जमीनदारावर गेली. जमीनदाराने ती रक्कम खंडात मिळवली तो भाग वेगळा, पण गोठ्यातली गाय या करासाठी ओढून नेणे थांबले.

ज्यांनी दिवस ओळखले

मंदीत सगळेच बुडाले नाहीत. लिलाववाल्यांचे तर बरेच चालले. पूर्वी रस्त्यातच उभी केली जाणारी जनावरे आता कुंपण घातलेल्या आवारात आठवड्याला पुकारून विकली जाऊ लागली. १८८७ च्या कायद्याने बाजारात जनावरांसाठी वजनकाटा ठेवणे सक्तीचे केले, त्यामुळे नजरेच्या अंदाजावर चालणाऱ्या दलालाची थोडी अडचण झाली. मोची मात्र हरला. नॉर्थहॅम्प्टनचे यंत्रावर शिवलेले बूट आगगाडीने येऊ लागले, तेव्हा त्याच्याकडे उरले ते तळवे ठोकणे. थॉमस लिप्टनसारख्यांच्या साखळी दुकानांनी मोठ्या गावांत स्वस्त चहा आणि हॅम मांडले. १८८३ मध्ये पार्सल टपाल सुरू झाल्यावर कापडही शहरातून घरपोच मागवता येऊ लागले. टाचण्यांच्या कागदावर खूश राहणारे गिऱ्हाईक आता किमतीची तुलना करू लागले. १८९५-९६ मध्ये सायकलींचे वेड आले तेव्हा काही चलाख लोहारांनी नालाशेजारी रबरी टायर टांगले.

स्टर्टनेही दुकानात गॅसवर चालणारे इंजिन, यांत्रिक करवती आणि कातयंत्र बसवले. मजुरी कापण्यापेक्षा हे बरे, असे त्याला वाटले. धंदा त्यामुळे तगला, पण लाकूड हाताने ओळखणारी माणसे हळूहळू यंत्राला लाकूड भरवणारी झाली, ही खंत त्याने लपवली नाही.

एसेक्समध्ये तर ओस पडलेल्या गव्हाच्या शेतांवर १८८० नंतर स्कॉटलंडच्या एअरशायरमधून नवी कुळे आली. जुन्या कुळांच्या लिलावांनी रिकामी झालेली ही शेते त्यांना कमी खंडात मिळाली. बायकामुले, सामान आणि गाई घेऊन ती आगगाडीने उतरली. चाकरमाने ठेवण्याऐवजी घरातल्या सगळ्यांनी धारा काढल्या. गहू परदेशातून येऊ शकत होता, ताजे दूध येऊ शकत नव्हते. काही वर्षांत गव्हाच्या त्या रानांत गवत उगवले आणि जवळच्या स्टेशनांवरून दुधाचे डबे लंडनला जाऊ लागले.