पंपातला ठेचा

पारोळ्याच्या कृषी केंद्रात गिऱ्हाईक आकड्यांत बोलतं. ‘दोन किलो झिरो बावन्न चौतीस, एक किलो तेरा झिरो पंचेचाळीस.’ परक्याला वाटावं, कोणी फोन नंबर सांगतंय. आकडे आहेत पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या खतांचे. क्रम ठरलेला: नत्र, स्फुरद, पालाश. झिरो बावन्न चौतीस म्हणजे नत्र नाहीच, स्फुरद 52 टक्के, पालाश 34.

पानावर फवारलेलं हे खताचं पाणी पान पितं? पितं. 1840 च्या दशकातच फ्रान्समध्ये युसेब ग्री यांनी पिवळ्या पडलेल्या पानांना लोहक्षाराचं पाणी लावून ती हिरवी केली होती. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये टकी आणि विटवर यांनी तर किरणोत्सारी स्फुरद पानाला लावला आणि तो झाडात कुठवर पोचतो याचा माग काढला. अणुबॉम्बच्या जमान्यातला त्यातल्या त्यात सज्जन उद्योग!

पण पिऊन पिऊन किती पिणार? केळीच्या एका झाडाला शिफारस आहे 200 ग्रॅम नत्राची. पंधरा लिटरच्या पंपात एक टक्क्याने युरिया पडतो 150 ग्रॅम, त्यातलं नत्र 69 ग्रॅम. अख्खा पंप एकाच झाडाला पाजला तरी जेमतेम तिसरा हिस्सा भागतो. जेवायचं मुळांनीच. फवारणी म्हणजे कळण्याच्या भाकरीबरोबरचा ठेचा. ठेच्यावर पोट भरत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

ठेचा वेळेवर मात्र लागतो. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळवलेल्या जळगावच्या केळीत घड पूर्ण निसवला आणि केळफूल काढलं, की फवारा थेट घडावर: झिरो बावन्न चौतीस अर्धा टक्का, म्हणजे पंपाला 75 ग्रॅम, आणि युरिया एक टक्का. फण्या भरतात. सोबत स्टिकर, म्हणजे थेंब चिकटवून ठेवणारं द्रव, हवंच, कारण केळीची साल मेणचट. स्टिकर विसरलात तर खत घडाला नाही, बुडाशी उगवलेल्या गवताला.

हिमाचल-काश्मीरच्या सफरचंदवाल्यांच्या पंपात असतं कॅल्शियम क्लोराईड. कॅल्शियम कमी पडलं की सफरचंदावर तपकिरी, कडवट खड्डे पडतात. गंमत अशी, की जमिनीत कॅल्शियम असूनही फळ उपाशी राहू शकतं. कॅल्शियम पाण्याबरोबर चढतं आणि जिथून जास्त पाणी उडून जातं तिकडे, म्हणजे पानांकडे, ओढलं जातं. पानात एकदा बसलं की जवळजवळ हलतच नाही. पक्का घरजावई! म्हणून नुसती पानं भिजवून उपयोग नाही, फळ भिजलं पाहिजे, तेही हंगामात पुन्हा पुन्हा. पालाश मात्र फेरीवाला. पानावर पडला तरी फळाच्या दारी जातो.

आपल्या कपाशीचा लाल्या? हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियम बसलेलं असतं. ते घटलं की शिरा हिरव्या राहतात आणि मधलं पान तांबडं होतं. इलाज, एक टक्का मॅग्नेशियम सल्फेट. हेच ते एप्सम सॉल्ट, माणसं जुलाबासाठी घेत आलेलं! तुडतुड्यांनी किंवा रात्रीच्या थंडीने आलेल्या लालीवर मात्र ते ओतून पैसे घालवू नयेत.

फवारणीचा युरियाही पारखून घ्यावा. तो बनताना त्यात बाययुरेट नावाचं एक लटांबर तयार होतं. लिंबू-मोसंबीला ते मुळीच सोसत नाही, पानांची टोकं पिवळी पडतात. आणि खानदेशातल्या भर दुपारी फवारणी करणाऱ्याबद्दल काय बोलावं? थेंब पानात शिरायच्या आत वाळतो, मागे नुसती मिठाची भुकटी. सकाळ गाठावी, नाहीतर संध्याकाळ.

डीएपी या दाणेदार खताचं दोन टक्के द्रावण करायचं तर दाणे रात्रभर भिजत घालतात आणि सकाळी वरचं निवळ पाणी गाळून घेतात. घाईत गाळ पंपात गेला की नोझल चोंदलंच. ते तोंडाने फुंकायचं नाही. काल त्याच पंपात कीटकनाशक होतं.