25 नोबेलांचा हिशोब : मँचेस्टर विद्यापीठातली माणसं



काही दिवसांपूर्वी एक पालक शाळेत भेटायला आले. मोठी मुलगी बारावीला. हातात एक चकचकीत माहितीपत्रक होतं, मँचेस्टर विद्यापीठाचं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात, आमच्याकडे 25 नोबेल विजेते. पालकांनी विचारलं, "सर, 25 नोबेल म्हणजे चांगलंच असणार ना?"

चांगलं आहेच हो. पण हा 25 आकडा नेमका कशाचा? मग लक्षात आलं, आठवीत अणूची रचना शिकवताना आपण फळ्यावर जी नावं लिहितो, ती बहुतेक सगळी याच एका शहरातून गेलेली आहेत. डाल्टन, थॉमसन, रुदरफोर्ड, बोर. मुलं ती क्रमाने पाठ करतात. पण ही माणसं एकमेकांना ओळखत होती, कोणी कोणाचा विद्यार्थी होता, हे आपण सांगतच नाही. म्हणून हा लेख.

सुरुवात थोडी मागून करू. मँचेस्टर हे कापूस गिरण्यांचं शहर. जॉन डाल्टन तिथेच राहून शिकवण्या घेत आणि अणूचा सिद्धांत मांडत. 1824 मध्ये कामगारांना विज्ञान शिकता यावं म्हणून तिथे एक संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत डाल्टन होते. पुढे जॉन ओवेन्स नावाच्या कापड व्यापाऱ्याने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून 1851 मध्ये ओवेन्स कॉलेज सुरू झालं, त्याचंच वाढत वाढत विद्यापीठ झालं. कामगारांच्या संस्थेतून वाढलेलं तंत्रविद्यापीठ आणि हे विद्यापीठ 2004 मध्ये एक झाले.

या ओवेन्स कॉलेजात 1870 मध्ये एक चौदा वर्षांचा मुलगा दाखल झाला. वडील पुस्तकविक्रेते. मुलाला इंजिनिअर करायचं ठरलं होतं, पण कारखान्यात उमेदवारीसाठी जागा रिकामी नव्हती, म्हणून तोवर कॉलेजात घातलं. दोनतीन वर्षांत वडील वारले. उमेदवारीसाठी भरायची रक्कम घरात नव्हती. मग मुलगा कॉलेजातच शिकत राहिला, शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेला. हा जे. जे. थॉमसन. इलेक्ट्रॉनचा शोध त्यांनी 1897 मध्ये लावला, पण केंब्रिजमध्ये. म्हणजे 25 मधलं हे एक नोबेल विद्यार्थ्याचं, शोध दुसरीकडचा. हे लक्षात ठेवा, असं पुढेही दिसेल.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्थर शुस्टर यांनी 1907 मध्ये आपली खुर्ची सोडली. अट एकच होती, माझ्या जागी अर्नेस्ट रुदरफोर्डला आणा. किती लोक असं करतील! रुदरफोर्ड कॅनडातून आले. शुस्टरनी नेमलेला हान्स गायगर हा जर्मन तरुण आधीच तिथे होता. आणि अर्नेस्ट मार्सडेन नावाचा एक विद्यार्थी होता. वय वीस, विणकराचा मुलगा, पदवीसुद्धा हातात नव्हती.

गायगर म्हणाला, या पोराला काहीतरी छोटं संशोधन द्यायला हवं. रुदरफोर्डनी काम दिलं, धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडायचे आणि एखादा मोठ्या कोनातून वळून मागे येतो का ते बघायचं. येईल असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं. सरावासाठी दिलेलं काम म्हणा ना.

हे काम कसं चालायचं ते वर्गात जरूर सांगा. कण दिसत नाहीत. ते झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आपटले की बारीकशी ठिणगी चमकते, ती सूक्ष्मदर्शकातून मोजायची. त्यासाठी आधी बराच वेळ काळोखात बसून डोळे सरावू द्यायचे, मग एकेक ठिणगी मोजायची. यंत्र नाही, माणसाचा डोळा. रुदरफोर्डना त्या मोजणीचा धीर नव्हता. गायगर आणि मार्सडेन मात्र मोजत बसले. 1909 मध्ये निकाल आला, सुमारे 8000 कणांत एक कण उलटा फिरतो. पातळ कागदावर तोफगोळा मारावा आणि तो परत येऊन आपल्यालाच लागावा, अशी उपमा रुदरफोर्ड पुढे देत असत. दोन वर्षं विचार करून 1911 मध्ये त्यांनी अणूकेंद्रक मांडलं. अणूतलं जवळपास सगळं वस्तुमान आणि धनप्रभार मधोमध एका अतिशय लहान जागेत, बाकी पोकळी. गंमत म्हणजे त्यात त्यांचे गुरू थॉमसन यांचं प्रारूप मोडीत निघालं. मार्सडेनला नोबेल कधीच मिळालं नाही. 25 मध्ये तो नाही.

त्याच काळात तिथे जेम्स चॅडविक शिकत होता. घरची परिस्थिती अशी, की चांगल्या शाळेची शिष्यवृत्ती मिळूनही वरची किरकोळ फी झेपेना, म्हणून ती सोडावी लागली होती. 1908 मध्ये विद्यापीठात आला तो गणित शिकायला. प्रवेशाच्या मुलाखतीला चुकून भौतिकशास्त्राच्या रांगेत बसला. समोरच्या प्राध्यापकांनी त्या विषयाचे प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि हा इतका बुजरा, की "सर, मी चुकीच्या ठिकाणी बसलोय" हे सांगायची हिंमत झाली नाही. प्रवेश भौतिकशास्त्राला झाला. रोज घरून चार मैल चालत यायचा आणि चार मैल परत जायचा. रुदरफोर्डची व्याख्यानं ऐकली आणि मन लागलं. पुढे 1932 मध्ये न्यूट्रॉन सापडला तो याच माणसाला. तोही केंब्रिजमध्ये.

आपल्या वर्गातही असा मुलगा असतोच, चुकीच्या तुकडीत बसलेला पण बोलत नसलेला. दर वेळी गोष्ट चॅडविकसारखी संपत नाही, म्हणून मी तरी जूनमध्ये एकेकाला विचारून घेतो.

1912 मध्ये डेन्मार्कचा नील्स बोर काही महिन्यांसाठी आला. रुदरफोर्डच्या अणूत इलेक्ट्रॉन केंद्रकावर कोसळत का नाही, हा प्रश्न त्याने तिथून डोक्यात घेऊन नेला आणि 1913 मध्ये उत्तर मांडलं. हेन्री मोझले याच प्रयोगशाळेत होता. मूलद्रव्यांचा क्रम अणुवस्तुमानावर नाही, अणुअंकावर लावायचा, हे त्याने क्ष-किरणांनी दाखवलं. आपली आवर्तसारणी त्याच क्रमाने आहे.

मग 1914 चं युद्ध आलं. मोझले इंग्लंडच्या सैन्यात गेला आणि 1915 मध्ये गॅलिपोली इथे मारला गेला, वय 27. गायगर जर्मन तोफखान्यात. चॅडविक तेव्हा गायगरकडे काम करायला बर्लिनला गेला होता, तो तिथेच अडकला आणि घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरच्या तबेल्यात चार वर्षं कैदेत राहिला. तिथेही त्याने प्रयोग केले. त्या काळी जर्मनीत किरणोत्सारी टूथपेस्ट दुकानात मिळायची, ती वापरून! आणि शत्रुराष्ट्राचा असूनही गायगर त्याला मदत करत राहिला.

नोबेलच्या यादीत न बसणारी आणखी दोन माणसं सांगतो. एक तुम्हाला माहीत आहेत, ॲलन ट्युरिंग. 1948 मध्ये ते मँचेस्टरला आले. त्याच वर्षी 21 जूनला विल्यम्स आणि किलबर्न यांच्या तिथल्या छोट्या संगणकाने स्मृतीत साठवलेली आज्ञावली पहिल्यांदा चालवून दाखवली. यंत्र विचार करू शकेल का, हा ट्युरिंग यांचा प्रसिद्ध लेख 1950 चा. पण समलिंगी संबंधांबद्दल 1952 मध्ये त्यांच्यावर खटला झाला आणि 1954 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. सरकारची माफी आली 2009 मध्ये. गणिताला किंवा संगणकाला नोबेल नसतंच.

दुसऱ्या आहेत कॅथलीन ड्र्यू-बेकर. इथल्याच वनस्पतिशास्त्राच्या पदवीधर, 1922 मध्ये पहिल्या वर्गात. तिथेच शिकवू लागल्या. 1928 मध्ये लग्न झालं आणि विवाहित स्त्रियांना नोकरीत ठेवायचं नाही या तेव्हाच्या नियमामुळे शिकवण्याचं काम गेलं. बाईंनी संशोधन सोडलं नाही. समुद्रातलं एक शेवाळ उन्हाळ्यात नाहीसं होतं आणि पुन्हा उगवतं, मधल्या काळात ते असतं कुठे? शिंपल्यांवर वाढणारा एक गुलाबीसर सूक्ष्म जीव सगळे वेगळी जात समजत. तो त्याच शेवाळाची एक अवस्था आहे, हे त्यांनी 1949 मध्ये प्रसिद्ध केलं.

आता जपानमध्ये जाऊ. सुशीला गुंडाळतात तो काळपट हिरवा, कागदासारखा पापुद्रा म्हणजे नोरी, याच जातीच्या शेवाळाचा. तिथले शेतकरी शतकानुशतकं ते पिकवत होते, पण बी येतं कुठून हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पीक आलं तर आलं. 1948 मध्ये ते पार बुडालं होतं. बाईंचा शोध वाचून जपानी शास्त्रज्ञांनी शिंपल्यांवर रोपं तयार करायची पद्धत बसवली आणि धंदा उभा राहिला.

त्या पालकांना मी यातलं निम्मं सांगितलं असेल. आकड्यावर जाऊ नका, पहिल्या वर्षाला कोण शिकवतं आणि पदवीच्या मुलांना प्रयोगशाळेत किती हात लावू देतात, ते पत्र लिहून विचारा, असं सुचवलं. त्यांनी ते माहितीपत्रकाच्या मागे लिहून घेतलं.

ड्र्यू-बेकर बाई 1957 मध्ये गेल्या. जपानला त्या कधीच गेल्या नव्हत्या. तिथल्या उतो गावात समुद्रकाठी 1963 मध्ये त्यांचं स्मारक झालं, आणि दर वर्षी 14 एप्रिलला नोरीवाले तिथे जमतात. ते त्यांना समुद्राची आई म्हणतात.