मक्याच्या कण्या आणि त्यांची संगत

अन्न ही रोजच्या परिचयाची गोष्ट असल्यामुळें तिच्याविषयीं विचार करण्याचें आपणांस सहसा सुचत नाहीं. जेवणापूर्वीं हात जोडून आपण रोजच्या भाकरीबद्दल देवाचे आभार मानतों. परंतु ती भाकरी कोणत्या धान्याची, तें धान्य कोठून आलें, आणि तिच्याबरोबर ताटांत आणखी काय असावयास हवें, हे प्रश्न आईवर सोंपवून आपण मोकळे होतों. या लेखांत आम्ही एका साध्या पदार्थाची कृति सांगणार आहों. पदार्थ परदेशचा आहे. परंतु त्याचें साहित्य आपल्या बाजारांत मिळतें, आणि तो करण्याची रीतही आपल्या घरांत अगदींच अपरिचित नाहीं. कृतीबरोबर त्याचा थोडा इतिहासही सांगूं. त्या इतिहासांत असें एक प्रकरण आहे कीं, तें समजल्यावर ‘पथ्यकर अन्न’ या शब्दांचा अर्थ थोडा निराळा वाटूं लागतो.

हा पदार्थ म्हणजे उत्तर इटलींतील पोलेंटा. मक्याचा जाडसर रवा पाण्यांत घोटून दाट शिजविला म्हणजे पोलेंटा तयार होतो. आपल्याकडे ज्वारीच्या कण्या ताकांत शिजवून खातात, त्याच जातीचा हा प्रकार होय. लोंबार्डी, व्हेनेतो वगैरे प्रांतांतील शेतकरी तो तांब्याच्या मोठ्या भांड्यांत शिजवीत, लांकडी दांड्यानें सारखा घोटीत, आणि घट्ट झाला म्हणजे लांकडी पाटावर ओतून दोऱ्यानें त्याचे तुकडे कापीत. उरलेला पोलेंटा थंड होऊन वडीसारखा घट्ट होई; मग दुसऱ्या दिवशीं त्याच्या चकत्या भाजून किंवा तळून खात. अलीकडे याच थंड पोलेंटाच्या लांबट कांड्या कापून तळतात व त्यांस बटाट्याच्या कांड्यांप्रमाणें ‘फ्राइज’ म्हणतात. त्या तळण्याऐवजीं ओव्हनमध्यें भाजल्या, तर तेल फारच थोडें लागतें. आम्ही सांगणार आहों ती हीच रीत.

चार माणसांस पुढील साहित्य पुरे होतें : मक्याचा जाडसर रवा एक मोठी वाटी, म्हणजे सुमारें दीडशें ग्रॅम, त्याच वाटीनें पाणी दोन वाट्या व दूध एक वाटी, मीठ चवीपुरतें, तेल दोन मोठे चमचे, आणि आवडीप्रमाणें मिरपूड किंवा जिरेपूड. येथें एक सूचना अवश्य लक्षांत ठेवावी. दुकानांत ‘कॉर्नफ्लोअर’ म्हणून जें पांढरें मऊ पीठ मिळतें, तें मक्याचें केवळ सत्त्व होय. त्याचा पोलेंटा होत नाहीं. आपणांस हवा तो पिवळा, हातास खरखरीत लागणारा रवा.

प्रथम जाड बुडाच्या पातेल्यांत पाणी, दूध व मीठ एकत्र करून उकळी आणावी. आंच मंद करून एका हातानें रवा बारीक धारेनें सोडावा व दुसऱ्या हातानें तो सारखा ढवळावा. सर्व रवा एकदम ओतला, तर बाहेरचे कण लगेच भिजून त्यांचें जणूं कवच बनतें आणि आंतला रवा कोरडाच राहतो. गुठळ्या होतात त्या यामुळेंच. पुढें पंचवीस ते तीस मिनिटें मंद आंचेवर घोटीत राहावें. मिश्रण बुडास लागूं देऊं नये. मक्याच्या कणांतील पिष्ट सुमारें सत्तर अंश सेल्सिअस उष्णतेस पाणी शोषून फुगूं लागतें. परंतु जाडसर कणाच्या मध्यापर्यंत पाणी पोंचण्यास वेळ लागतो. म्हणून मिश्रण पांच मिनिटांत दाट दिसलें, तरी तें शिजलें असें समजूं नये. चिमूटभर थंड करून खाऊन पाहावें. दातांखालीं कचकच लागली नाहीं व मिश्रण पातेल्याची कड सोडूं लागलें, म्हणजे झालें.

नंतर ताटास तेलाचा हात लावून त्यांत मिश्रण ओतावें व ओल्या उलथन्यानें सुमारें दीड सेंटिमीटर जाडीचें सारखें पसरावें. ज्यांनीं घरीं पाटवडी होतांना पाहिली आहे, त्यांस हें निराळें सांगावयास नको. निवल्यावर तें ताट झांकून दोन-तीन तास, जमल्यास रात्रभर, शीतकपाटांत ठेवावें. फुगलेल्या पिष्टाचे लांब रेणु थंड होतांना पुन्हां एकमेकांजवळ येऊन जुळतात व त्यांच्या जाळ्यांत पाणी अडकून राहतें; म्हणून पातेल्यांत वाहणारा घाटा सकाळीं सुरीनें कापण्याजोगा होतो. येथें उतावीळपणा केल्यास कांड्या मोडतात.

आतां वडीच्या बोटभर लांब कांड्या कापाव्यात. स्वच्छ फडक्यानें त्यांचें अंग हलकेच टिपावें, वर तेल चोळावें व चिमूटभर कोरडा रवा भुरभुरावा. ओव्हन आधींच २२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ठेवावा. कांड्या तव्यावर सुट्या सुट्या मांडून वीस मिनिटें भाजाव्या. मग उलटून आणखी पंधरा ते वीस मिनिटें, कडा तांबूस होईपर्यंत, ठेवाव्या. आम्हीं पहिल्यानें हा पदार्थ केला, तेव्हां घाईनें सर्व कांड्या एकास एक चिकटवून मांडल्या. परिणामीं त्या भाजण्याऐवजीं वाफाळल्या आणि मऊच राहिल्या. कारण उघड आहे. पदार्थाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोंपर्यंत त्याची उष्णता शंभर अंशांच्या फारशी वर जात नाहीं. आणि खरपूस रंग व वास येण्यास तर सुमारें दीडशें अंश उष्णता हवी. म्हणून वाफ निघून जाण्यास जागा ठेवणें, अंग टिपणें व ओव्हन आधीं तापविणें या तिन्ही गोष्टींचा हेतु एकच : पृष्ठभाग लवकर कोरडा व्हावा.

तळणांत हेंच काम उकळतें तेल करितें. परंतु पदार्थांतील पाणी जसजसें बाहेर पडतें, तसतसें त्याच्या जागीं तेल शिरतें. आपल्या रीतींत चार माणसांच्या कांड्यांस दोन मोठे चमचे तेल लागतें, म्हणजे माणशीं अर्धा चमचा. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारें १२० कॅलरी. यावरून तळलेल्या पदार्थापेक्षां हा पदार्थ हलका कसा, हें वाचकांनींच ताडावें.

येथें कोणी म्हणेल, तेल कमी केलें, म्हणजे पदार्थ पथ्यकर झाला. पुष्कळांची समजूत अशीच असते. परंतु पोलेंटाचा इतिहास कांहीं निराळेंच सांगतो.

मका हें मूळचें अमेरिकेचें धान्य. मेक्सिकोंत त्याची लागवड हजारों वर्षांपासून होत आली आहे. १४९२ सालीं कोलंबस तिकडे पोंचल्यानंतर हें धान्य युरोपांत आलें. पीक भरघोस, म्हणून धान्य स्वस्त. उत्तर इटलींतील व स्पेनमधील गरीब शेतकऱ्यांचें तें मुख्य अन्न झालें. पुढें या लोकांत एक विचित्र रोग दिसूं लागला. हात, मान, चेहरा वगैरे उन्हांत उघड्या राहणाऱ्या भागांची कातडी लाल व खरखरीत होई. मग जुलाब लागत, बुद्धि भ्रमिष्ट होई, आणि अखेरीस पुष्कळ रोगी मरत. स्पेनमध्यें गास्पार कासाल या वैद्यानें १७३५ सालीं हा रोग प्रथम ओळखला; इटलींत फ्रान्चेस्को फ्रापोल्ली यानें १७७१ सालीं त्यास ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी, असें नांव दिलें. कोणी म्हणत, हें सडलेल्या मक्याचें विष; कोणी म्हणत, हा स्पर्शजन्य रोग.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिण भागांतही या रोगानें थैमान घातलें. १९१४ सालीं तेथील सरकारनें डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांस चौकशीकरितां पाठविलें. अनाथालयांत मुलांना पेलाग्रा होतो, परंतु त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांस तो होत नाहीं, ही गोष्ट त्यांच्या नजरेस आली. रोग जर स्पर्शजन्य, तर तो सेवकांस कां सोडतो? मग त्यांनीं ताटाकडे लक्ष दिलें. मुलांच्या ताटांत मुख्यतः मक्याचे पदार्थ असत; दूध, अंडीं, मांस फारच थोडें. मिसिसिपी प्रांतांतील जॅक्सन गांवच्या दोन अनाथालयांत त्यांनीं मुलांना दूध, अंडीं, मांस व शेंगांतील दाणे भरपूर देण्याची व्यवस्था केली. दुसरें कांहीं बदललें नाहीं. वर्षभरांत तेथील रोग जवळजवळ नाहींसा झाला. तरीही स्पर्शाची शंका घेणाऱ्यांचें समाधान होईना. तेव्हां १९१६ सालीं गोल्डबर्गर यांनीं रोग्याचें रक्त स्वतःस टोंचून घेतलें, आणि त्यांच्या पत्नीनेंही तें टोंचून घेतलें. कोणासही रोग झाला नाहीं. ताटांतील उणें द्रव्य नेमकें कोणतें, हें मात्र १९२९ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत उलगडलें नव्हतें. १९३७ सालीं कॉनरॅड एल्व्हेयम यांनीं तें दाखवून दिलें. त्यालाच आज आपण नियासिन हें जीवनसत्त्व म्हणतों.

मग मेक्सिकोंतील लोक मकाच खात असतां त्यांस हा रोग कां होत नसे? याचें उत्तर चुन्यांत आहे. तेथील बायका मका चुन्याच्या पाण्यांत उकळून, रात्रभर मुरवून, धुऊन मग वाटीत. मक्यांत नियासिन असतें. परंतु तें अशा रीतीनें बांधलेलें असतें कीं, शरीरास त्याचा फारसा उपयोग होत नाहीं. चुना तें मोकळें करितो. शिवाय त्यांच्या ताटांत मक्याबरोबर घेवडा असे. युरोपीय खलाशांनीं धान्य गलबतांत भरून आणलें. चुन्याची रीत मात्र आणली नाहीं. ती अडाणी लोकांची वेडगळ रीत, असेंच त्यांस वाटलें असावें. दाणा समुद्र ओलांडून आला, परंतु त्या दाण्याविषयींचें शहाणपण मागें राहिलें. आणि त्याचें मोल पोलेंटावर जगणाऱ्या गरिबांनीं दिलें.

ही केवळ परक्यांची कथा नव्हे. आपल्या दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळत असे, आणि हैदराबाद येथील डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं त्याच्या कारणांविषयीं आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. यावरून ज्वारी वाईट किंवा मका वाईट, असें मात्र कोणी समजूं नये. दोन्ही उत्तम धान्यें आहेत. दोष धान्याचा नव्हे, त्याच्या एकटेपणाचा.

तेव्हां आपल्या भाजलेल्या कांड्यांस संगत कोणती द्यावी, हें आतां सहज सुचेल. पाण्याबरोबर एक वाटी दूध आम्हीं सांगितलें तें केवळ चवीकरितां नव्हे; दुधांत व अंड्यांत ट्रिप्टोफॅन नांवाचा जो घटक असतो, त्यापासून आपलें शरीर स्वतः नियासिन बनवितें. कांड्यांबरोबर वाटीभर दही व शेंगदाण्याची चटणी घ्यावी. भुईमुगाच्या दाण्यांत नियासिन विपुल असतें. मटकीची उसळ किंवा उकडलेलें अंडें असल्यास मुलांचें एक वेळचें जेवणच होईल. भाकरीबरोबर पिठलें, कण्यांबरोबर ताक, खिचडींत डाळ, या जोड्या आपल्या आजींनीं कोणत्या पुस्तकांत वाचल्या नव्हत्या. तरी त्या मोडतांना दहा वेळां विचार करावा.

एक गोष्ट सांगून आम्ही लेख पुरा करितों. पेलाग्रानें मेलेल्या शेतकऱ्यांस दूध व अंडीं आवडत नव्हतीं असें नाहीं. तीं त्यांस मिळत नव्हतीं. गोल्डबर्गर यांसही शेवटीं हेंच आढळून आलें कीं, या रोगाचें मूळ पुष्कळ अंशीं दारिद्र्यांत आहे. प्रार्थनेंत आपण भाकरी मागतों, ती ‘माझी’ म्हणून नव्हे, ‘आमची’ म्हणून. सुट्टींत ज्या विद्यार्थ्यांस आईच्या देखरेखीखालीं या कांड्या करून पाहावयाच्या असतील, त्यांनीं त्या अवश्य करून पाहाव्या. मात्र ताट वाढतांना शेजारीं दह्याची वाटी आहे ना, हें पाहावें, आणि ज्याच्या घरीं ती वाटी नसेल असा एखादा सोबती त्या दिवशीं आपल्या पंक्तीस बोलवावा.