पावलांना लाभलेली ओळख

आपला परिचय करून देताना आपण प्रथम नाव सांगतो आणि पाठोपाठ हुद्दा. अमुक कार्यालयात अधिकारी, तमुक शाळेत शिक्षक. तीस-पस्तीस वर्षे हा हुद्दा नावाला चिकटून राहतो आणि मग एके दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी परतल्यावर त्याच्याआधी 'माजी' हा शब्द येऊन बसतो. या शब्दाशी जुळवून घेणे अनेकांना जड जाते. ज्यांनी एखादा छंद मनापासून जोपासला आहे, त्यांचे हे ओझे पुष्कळ हलके होते. कारण 'माजी' हुद्द्याला लागते, छंदाला लागत नाही.

करमणूक म्हणून जवळ केलेला छंद माणसाची ओळख कसा बनतो, हे जाणून घेण्यासाठी आपल्या परिसरात काहीसे अपरिचित असलेले एक उदाहरण पाहू. ते आहे बॉलरूम नृत्याचे. गोव्यातील ख्रिस्ती विवाहसमारंभात वधूवरांना वॉल्ट्झच्या सुरांवर नाचताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या नृत्याची कल्पना असेल. जोडीने करावयाच्या या नृत्याचे स्पर्धांसाठी दहा प्रकार मानले जातात. वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप हे पाच एका गटात, तर सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाइव्ह हे पाच लॅटिन अमेरिकन गटात मोडतात.

एका लेखापालाची गोष्ट

१९९६ साली जपानमध्ये मासायुकी सुओ या दिग्दर्शकाचा 'शॅल वुई डान्स?' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचा नायक सुगियामा हा टोकियोतील एका कंपनीत लेखापाल आहे. पत्नी आहे, मुलगी आहे, उपनगरात नुकतेच घेतलेले घर आहे आणि अर्थातच त्या घराचे कर्जही आहे. चारचौघांच्या दृष्टीने सारे काही स्थिरस्थावर झालेले. तरीही रोजच्या आगगाडीच्या प्रवासात त्याला एक पोकळी जाणवत राहते. एका संध्याकाळी डब्यातून त्याला एका नृत्यशाळेच्या खिडकीत उभी असलेली तरुणी दिसते. पुढे एके दिवशी तो त्या स्थानकावर उतरतो आणि बिचकतच शाळेचा जिना चढतो.

आरंभी त्याचे मन नृत्यापेक्षा त्या खिडकीतच अधिक गुंतलेले असते. शिकवायला मात्र एक वयस्क बाई येतात. त्या तरुण शिक्षिकेकडून स्पष्ट नकार मिळाल्यावर शाळेत जाण्याचे मूळ कारणच संपते; आणि नेमके त्यानंतरच त्याला नृत्याची खरी गोडी लागते. कचेरीतील मेजाखाली त्याची पावले नकळत ताल धरतात, फलाटावर गाडीची वाट पाहताना तो एकटाच सराव करतो. ज्या कारणाने छंद सुरू झाला ते गळून पडले आणि तरीही छंद टिकला, तर तो आपला झाला असे खुशाल समजावे.

या कथेतील संकोच जपानी वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पतीपत्नींनी चारचौघांत हातात हात घेणेही जेथे अवघड वाटावे, अशा समाजात परस्त्रीसमवेत नाचणे म्हणजे लपवावयाची गोष्ट. कायद्याचीही नजर तशीच होती. १९४८ च्या एका कायद्यान्वये तेथील नृत्यगृहे सार्वजनिक नीतिमत्तेवर परिणाम करणाऱ्या व्यवसायांत गणली जात. २०१५ साली त्या कायद्यात दुरुस्ती संमत झाली आणि २०१६ पासून नृत्यावरील ते नियंत्रण उठले. चित्रपटात सुगियामाचा सहकारी आओकी हाही चोरून नृत्य करीत असतो, तेही डोक्यावर केसांचा टोप चढवून! कार्यालयात त्याचे बिंग फुटते आणि टिंगल सुरू होते, तेव्हा सुगियामा त्याची बाजू घेऊन उभा राहतो. छंद ओळखीत रूपांतरित होण्याचा खरा क्षण हाच म्हणावा लागेल. तोवर जी गोष्ट चोरून करायची होती, तिच्यासाठी बोलण्याचे धैर्य त्याच्या अंगी आलेले असते.

शरीराची शिस्त

हे धैर्य कोठून येते? बहुधा सरावातून. वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांचा ताल. पहिल्या मात्रेवर पाऊल लांब टाकायचे, पुढच्या दोन मात्रांत टाचा उचलून शरीर वर न्यायचे आणि तिसरीच्या अखेरीस हळुवार खाली आणायचे. ऐकायला सोपे, परंतु पाठ ताठ, खांदे सैल आणि नजर समोर ठेवून हे साधायला बरेच महिने लागतात. जोडीदारीण बहुतेक वेळ मागे पावले टाकीत असल्याने तिला वाट दिसत नाही. दिशा तिला समजते ती केवळ जोडीदाराच्या शरीराच्या हालचालीतून. त्यामुळे येथे कौशल्याइतकाच विश्वासही शिकावा लागतो. असा सराव वर्षानुवर्षे केलेला माणूस बसस्टॉपवर उभा राहिला तरी वेगळा दिसतो.

ब्लॅकपूलची वारी

या चित्रपटाचा आरंभ होतो तो इंग्लंडमधील ब्लॅकपूलच्या दृश्याने. खिडकीतील त्या तरुणीला ब्लॅकपूलच्याच स्पर्धेतील अपयशाचे शल्य बोचत असते. समुद्रकिनाऱ्यावरील हे गाव म्हणजे बॉलरूम नर्तकांचे पंढरपूरच. तेथील नृत्यमहोत्सव १९२० साली विंटर गार्डन्सच्या एम्प्रेस बॉलरूममध्ये सुरू झाला आणि आजही जगभरचे नर्तक तेथे येतात. जवळच्याच टॉवर बॉलरूमची जमीन महोगनी, ओक आणि अक्रोडाच्या तीस हजारांहून अधिक लाकडी ठोकळ्यांनी बनलेली आहे. १९५६ साली आगीत तिची मोठी हानी झाली, पण डागडुजी होऊन १९५८ साली ते नृत्यगृह पुन्हा खुले झाले.

इंग्लंडमध्ये हा छंद सामान्यांच्या घरी पोहोचविणाऱ्यांत व्हिक्टर सिल्व्हेस्टर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. १९२२ सालचे विश्वविजेते असलेल्या सिल्व्हेस्टर यांनी पुढे स्वतःचा वाद्यवृंद उभारला आणि ताल जराही ढळू न देता नृत्यासाठी संगीत वाजविले. शिकाऊ माणसाला कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पदकपरीक्षांची पद्धतही या क्षेत्रात रुजली. दिवसभर दुकानात वा कारखान्यात राबणाऱ्या माणसाला अशा पदकाने, नोकरी देऊ शकली नाही अशी एक स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली.

घराचा वाटा

छंदाच्या या प्रवासात एक धोकाही संभवतो, आणि चित्रपट तो टाळीत नाही. पतीच्या वागण्यातील बदलाने चिंतित झालेली सुगियामाची पत्नी त्याच्यामागे खाजगी गुप्तहेर लावते. स्पर्धेच्या दिवशी प्रेक्षकांतून मुलीची हाक ऐकू येते, सुगियामाची पावले चुकतात आणि खजील होऊन तो नृत्य सोडून देतो. पत्नीचे दुःख संशयाहून खोल असते. पती इतका आनंदी का झाला, हे तिला परक्या माणसाकडून कळावे, याचे ते दुःख. शेवटी घराच्या अंगणात तो तिला पहिली पावले शिकवतो. मगच नृत्याकडे परतण्याचा मार्ग त्याला मोकळा होतो.

आपला छंद कदाचित वेगळा असेल. कोणी पेटी वाजवीत असेल, कोणी गड चढत असेल, कोणी पहाटे गच्चीवरील बागेत रमत असेल. त्या छंदासाठी आपण वेळ काढतो, जमेल तशी पुंजीही राखतो. त्याबरोबरच तो घरच्यांसमोर मोकळेपणाने मांडावा, जमल्यास त्यांनाही दोन पावले सोबत चालवावीत. मग निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी दारात आलेल्या पाहुण्याला घरातील नातवंडच अभिमानाने सांगेल, "आजोबा ना? ते छान नाचतात!"