मोटारीची स्मृती कोणाच्या मालकीची?

आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता दाट अरण्यातून जातो. पर्लकोटेच्या पुराने हा मार्ग आजवर कितीदा तरी तोडला आहे. आणि एरवीही त्या वाटेवर गाव दूर, गॅरेज त्याहून दूर. अशा ठिकाणी एखाद्या शिक्षकाने काटकसर करून घेतलेल्या जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा अकस्मात लागतो. गाडी नेहमीसारखीच चालत असते. वेगळा आवाज नाही, धूर नाही. मग थांबावे की पुढे जावे? प्रश्न वरकरणी यंत्रशास्त्राचा दिसतो. परंतु गाडीत काय बिघडले आहे ही माहिती कोणाजवळ असावी आणि ती नसल्याची किंमत कोणी मोजावी, असा त्याचा खरा अर्थ आहे. आणि तो निःसंशय अर्थकारणाचा आहे.

हा दिवा मूळचा चालकाच्या सोयीसाठी जन्माला आलेला नाही. हवेच्या प्रदूषणाने त्रस्त झालेल्या कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या मोटारींपासून असे बंधन घातले की, धूर नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाल्यास मोटारीने तो स्वतः ओळखावा आणि दिवा लावून कळवावा. १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत या पद्धतीचे सुधारित व एकसारखे रूप सक्तीचे झाले. भारतात ती २०१० साली भारत-४ मानकांसोबत आली, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत-६ मानकांनी तिची व्याप्ती वाढविली. आज नवी मोटार म्हणजे चाकांवर चालणारी एक नोंदवहीच होय.

रंगांची भाषा

या नोंदवहीचे पहिले पान म्हणजे डॅशबोर्डवरील दिवे. त्यांचे व्याकरण अवघड नाही. तांबडा दिवा म्हणजे धोका. तेलाच्या बुधलीचा तांबडा दिवा चालत्या गाडीत लागला, तर इंजिनमध्ये तेलाचा दाब उरलेला नाही असे समजून गाडी सुरक्षित जागी घेऊन तत्काळ बंद करावी. पुढचे गाव गाठण्याचा मोह इंजिनच्या किमतीइतका महाग पडू शकतो. तापमानाच्या तांबड्या दिव्यालाही तोच नियम, आणि इंजिन निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडावयाचे नाही ही पुरवणी. बॅटरीचा दिवा मात्र चार्जिंग थांबल्याचे सांगतो. साठ्यावर गाडी थोडा वेळ चालेल, एवढाच त्याचा अर्थ.

पिवळा दिवा सावधगिरीचा. इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडीच्या चालण्यात फरक नसेल, तर सावकाश मुक्काम गाठून तपासणी करून घेणे पुरेसे असते. तो उघडझाप करू लागला, तर मात्र इंधन नीट न जळता बाहेर पडत आहे आणि धूर शुद्ध करणारा महागडा भाग जळण्याचा संभव आहे, असे समजून वेग कमी करून शक्य तितक्या लवकर थांबणे श्रेयस्कर. भारत-६ डिझेल गाड्यांतील काजळीच्या गाळणीचा दिवा तर या दोन जिल्ह्यांनी विशेष ओळखून घ्यावा असा आहे. गाळणीत साठलेली काजळी जळून जाण्यास काही काळ सलग, स्थिर वेगाने गाडी चालणे आवश्यक असते. खड्डे आणि वळणे यांतून गोगलगाईच्या गतीने जाणाऱ्या गाडीला तशी संधीच मिळत नाही. दिवा लागताच वाहनाच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या महामार्गावर पंधरावीस मिनिटे गाडी चालविली, तर बहुधा काम भागते. दुर्लक्ष केले, तर तेच काम शहरातील वर्कशॉपचे होऊन बसते.

निरोप आणि निदान

दिव्यामागे दुसरे पान असते ते संकेतांकांचे. स्टिअरिंगखाली सोळा पिनांची एक खोबण असते. तिला वाचक-यंत्र जोडले की मोटारीने टिपून ठेवलेले पाच अक्षरांकांचे संकेत दिसतात. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा जास्त आहे. इतकेच नव्हे, तर बिघाडाच्या क्षणी गाडीचा वेग किती होता आणि इंजिन किती तापले होते, याचीही नोंद असते. मोबाईलला जोडता येणारे साधे वाचक-यंत्र आता दोनतीन हजार रुपयांच्या आतही मिळते.

तथापि संकेत म्हणजे निदान नव्हे. हवा जास्त असल्याचा निरोप सेन्सरने दिला म्हणून सेन्सरच बदलणे, म्हणजे पुराची बातमी आणणाऱ्या कोतवालाला शिक्षा करण्यासारखे आहे. खरे कारण एखादी चिरलेली नळी किंवा उंदराने कुरतडलेली वायर असू शकते. येथेच बल्लारपूरच्या वा चामोर्शीच्या अनुभवी मिस्त्रीचे कौशल्य कामी येते. यंत्राने त्याची विद्या कालबाह्य केलेली नाही. तिला फक्त नव्या लिपीची जोड हवी आहे.

माहितीची विषमता

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एक गाजलेला निबंध लिहिला. त्याचा मुख्य दृष्टांत जुन्या मोटारींच्या बाजाराचा होता. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा सर्वच गाड्यांना कमी किंमत देऊ पाहतो, चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात आणि खराब माल उरतो. २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक या विचारासाठी त्यांना अन्य दोघांसमवेत मिळाले. मोटारीची स्मृती ही या विषमतेवरील एक मात्रा ठरू शकते. किल्ली फिरवताच इंजिनचा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे. तो लागतच नसेल, तर कोणीतरी त्याचे तोंड बंद केले असल्याची शंका घ्यावी. विक्रीपूर्वी संकेत पुसले असतील, तर गाडीच्या स्वयंचाचण्या अपूर्ण असल्याचे वाचक-यंत्र दाखविते. बॅटरी नुकतीच काढली असली तरी असे होते, हे खरे. पण मग व्यवहार चार दिवस पुढे ढकलून गाडी पुन्हा तपासण्यास कोणी प्रामाणिक विक्रेता हरकत घेणार नाही.

दुरुस्तीच्या बाजारात ही विषमता अधिकच तीव्र होते, कारण तेथे रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच असतो. त्यातून कंपनीने संकेतांचा सखोल अर्थ, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि तपासणीची यंत्रे आपल्या अधिकृत केंद्रांपुरतीच राखून ठेवली, तर ग्राहकाला दुसरे दारच उरत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी नेमक्या याच मुद्द्यावर १४ मोटार कंपन्यांना दोषी ठरवून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र दुरुस्तीकारांना उपलब्ध करण्याचा आदेश दिला. पुढे अपिले झाली. २०१६ साली अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत दोष कायम ठेवून दंड कमी केला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारीही घेतल्या. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ सालीच मतदारांनी असा हक्क कौलाने मिळविला होता.

सिरोंच्यातील मोटारमालकाला या वादाचे महत्त्व नागपूरकरापेक्षा अधिक आहे. नागपूरकराला अधिकृत केंद्र शहरातच सापडते. सिरोंचा मात्र स्वतःच्या जिल्ह्याच्या ठिकाणापासूनही सुमारे दोनशे किलोमीटर दूर. स्थानिक मिस्त्रीजवळ साधन नसले, की दुरुस्तीच्या बिलात वाहून नेण्याचा खर्च, बुडालेले दिवस आणि भाड्याची जीप यांची भर पडते. माहितीची मक्तेदारी सर्वांकडून कर वसूल करते; परंतु दूरच्या माणसाकडून तो दुप्पट दराने घेते.

या नोंदवहीचे तिसरे पान अपघाताचे आहे. एअरबॅगच्या यंत्रणेत अपघातापूर्वीच्या काही सेकंदांतील वेग, ब्रेक व सीटबेल्ट यांची नोंद राहू शकते. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींत अशी नोंदयंत्रणा सक्तीची आहे. अमेरिकेने २०१५ च्या कायद्याने ही नोंद मोटारमालकाच्या किंवा भाडेपट्ट्याने ती घेणाऱ्याच्या मालकीची असल्याचे स्पष्ट केले. कोळसा आणि लोहखनिज वाहणाऱ्या अवजड वाहनांच्या शेजारून ज्यांना रोज जावे लागते, त्या या दोन जिल्ह्यांतील लोकांना अपघातानंतर निःपक्षपाती साक्षीदाराचे मोल सांगावयास नको. ती साक्ष कोणाची आणि ती कोणी, कोणाच्या अनुमतीने वाचावी, हे आपल्याकडेही कायद्याने निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

तोवर करण्यासारखे पुष्कळ आहे. तालुक्यातालुक्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी जुन्या मिस्त्रींसाठी संध्याकाळचे लघुवर्ग घेतले, एखादे चांगल्या प्रतीचे वाचक-यंत्र नाममात्र शुल्कात वापरू दिले आणि दिव्यांचा मराठी तक्ता बसस्थानकावर व पेट्रोल पंपावर लावला, तरी खर्च अल्प आणि लाभ मोठा होईल. ज्याने गाडीचे पैसे मोजले, त्याला तिच्या पोटातील गोष्ट कळू नये, हे कोणत्याही न्याय्य बाजाराचे लक्षण नव्हे. भामरागडच्या वाटेवरील तो पिवळा दिवा शिक्षकाला काहीतरी सांगू पाहत आहे. ते त्याच्यापर्यंत पोहोचविणे हे त्या यंत्राचे नव्हे, समाजाचे काम आहे.