सोबतीला दुसरा कुत्रा

शहरांतील मध्यमवर्गीय घरांत अलीकडे एक प्रश्न वारंवार चर्चिला जातो. घरात एक लहानसा कुत्रा असतो. पामेरियन, पग किंवा शिहत्झू. पतीपत्नी दोघेही नोकरीस जातात, मुले शाळा आणि क्लास यांत अडकलेली असतात आणि सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत ते पाचसहा किलो वजनाचे जनावर कुलूपबंद फ्लॅटमध्ये एकटे पडून असते. तो दुपारभर रडतो, अशी शेजाऱ्यांची तक्रार येते. सोफ्याची कड कुरतडलेली दिसते, दारावर नखांचे ओरखडे उठलेले असतात. मग कोणीतरी सुचवितो, 'त्याला सोबत म्हणून आणखी एक आणा.' एकुलते एक मूल हट्टी होते, त्याला भावंड हवेच, असा उपदेश नवदांपत्यांना करणाऱ्या वडीलधाऱ्यांचाच हा तर्क. तो आता कुत्र्यांपर्यंत येऊन पोचला आहे, इतकेच. सूचना सहृदय आहे यात शंका नाही. ती कितपत उपयोगाची, हे मात्र तपासून पाहिले पाहिजे.

मुळात कुत्र्याचे एकटेपण ही आपल्याकडे नवी वस्तू आहे. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा ज्या समाजाने जिवापाड जपली, त्या समाजातही कुत्र्याची जागा प्रायः उंबऱ्याबाहेरच होती. त्यात उपेक्षा होती, उपासमार होती, दगडही होते. परंतु एकटेपण नव्हते. ओट्याखाली झोपणाऱ्या कुत्र्याला आळीतील आणखी चारपाच कुत्र्यांची संगत असे आणि घरात कोणी ना कोणी माणूस सदैव असे. वाडे गेले, चाळी ओसरल्या, कुत्रा उंबरठा ओलांडून आत आला आणि त्याच्यामागे दार बंद झाले. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग झळकला आणि त्या जातीला एकाएकी मागणी आली. त्याआधी दोन पिढ्या पामेरियनची होती. (आपण ज्याला पामेरियन म्हणतो, तो बहुधा खरा पामेरियन नसून भारतात रुळलेला स्पिट्झ असतो; पण नावाने त्याचे काही अडले नाही.) पुढे २०२० च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या अनेक कुटुंबांनी पिल्ले आणली. त्या पिल्लांच्या समजुतीप्रमाणे माणसे चोवीस तास घरीच असतात. कचेऱ्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा त्यांच्या वाट्याला काय आले असेल याची कल्पना करणे कठीण नाही.

तेव्हा दुखणे खरे आहे. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांत तर कुत्र्याचा रोज माणसांशी पुरेसा आणि शक्य तितका इतर कुत्र्यांशीही संबंध आला पाहिजे, असे स्पष्ट लिहिले आहे. आपल्याकडील १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, सतत साखळीला बांधलेल्या वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हा गुन्हा मानला गेला. पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला दहा ते पन्नास रुपयांचा! कायदा करणाऱ्यांनी दुखणे ओळखले होते, एवढेच श्रेय त्यांना द्यावे लागेल.

प्रश्न आहे तो औषधाचा. स्विस नियमांत माणूस आणि कुत्रा अशा दोन संगती स्वतंत्रपणे सांगितल्या आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. एकीची उणीव दुसरीने भरून निघते काय? अमेरिकेतील ओहायो राज्यात काही संशोधकांनी याच दिशेने एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षानुवर्षे जोडीने राहिलेली कुत्री त्यांनी घेतली. जोडीदार काही तास दूर नेला, तरी आपल्या नेहमीच्या जागेत राहिलेल्या कुत्र्याच्या रक्तातील ताणदर्शक संप्रेरके वाढली नाहीत. मग कुत्र्याला अनोळखी जागी नेऊन ठेवले. तेथे ती वाढली आणि जन्माचा सोबती शेजारी असूनही वाढली. परंतु सोबत्याऐवजी रोज देखभाल करणारा माणूस जवळ बसला, तेव्हा तो ताण दिसला नाही. प्रयोग लहान होता; त्यावरून सगळ्या श्वानजातीचे मन ओळखल्याचा दावा कोणी करू नये. तथापि ज्यांनी कुत्रा पाळला आहे, त्यांना हा निष्कर्ष परका वाटणार नाही. हजारो वर्षांच्या सहवासाने या प्राण्याने आपला विसावा माणसात शोधला आहे.

म्हणूनच एकटा कुत्रा कशासाठी व्याकुळ आहे, हे आधी पाहावे लागते. मालकाने चपला घालताच जो थरथरू लागतो, दार लागताच लाळ गाळतो, अन्नाला तोंड लावीत नाही, त्याला माणसाचा विरह होतो आहे. त्याच्याजवळ दुसरा आणून बसविला, तर तो बहुधा त्याच्याकडे पाहतही नाही. उलट नवा आलेला त्याचे पाहून रडू लागण्याचा संभव असतो आणि शेजाऱ्यांना एकाऐवजी दोन आवाज ऐकू येतात. अशा कुत्र्याला हळूहळू, मिनिटामिनिटाने एकटे राहण्याची सवय लावावी लागते. दुपारी कोणी तासभर येऊन बसेल अशी व्यवस्था करावी लागते. प्रसंगी पशुवैद्याचा सल्ला घ्यावा लागतो. याच्या उलट, जो मालक गेल्यावर निवांत झोपतो, परंतु संध्याकाळी फिरावयास नेल्यावर दुसरा कुत्रा दिसताच आनंदाने वेडा होतो, त्याची भूक खेळाची असते. माणूस कितीही प्रेमळ असला, तरी कुत्र्याच्या भाषेत त्याच्याशी कुस्ती खेळू शकत नाही. दुसऱ्या कुत्र्याची सोबत शोभते ती येथे.

आणि जेथे ती जमते तेथील दृश्य खरोखर मनोहर असते. पुढचे पाय टेकवून, मागचा भाग उंचावून एक जण आव्हान देतो. दुसरा मुद्दाम दुसरीकडे पाहतो. मग क्षणात दोघे खाटेखालून, टेबलाखालून घरभर धावत सुटतात. बलवान असतो तो मधूनच स्वतः खाली पडतो, कारण नेहमी जिंकणाऱ्याशी कोणी फार वेळ खेळत नाही, हे त्याला ठाऊक असते. दमल्यावर पाठीला पाठ लावून झोपतात. म्हाताऱ्या कुत्र्याने जिन्यावर बिचकावे आणि धाकट्याने दोन पायऱ्या उतरून त्याची वाट पाहत थांबावे, असेही घडते. ज्या घराला ही दोन जनावरे स्वतःला हवी आहेत, त्या घराला त्यांचे ओझे वाटत नाही.

ही जोडी जमविण्यात मात्र आपले लोक फार घाई करतात. टोपलीतून पिल्लू आणावयाचे, जुन्या कुत्र्याच्या नाकासमोर धरावयाचे आणि 'बघ तुझा भाऊ' म्हणावयाचे, ही सर्वमान्य रीत सर्वांत वाईट. पहिली भेट घराबाहेर, दोघांच्याही मालकीची नसलेल्या जागी व्हावी. दोघांना शेजारी शेजारी थोडे चालवावे. मग जुन्याला आधी घरात घ्यावे. भांडी वेगळी, निजण्याचे कोपरे वेगळे, हाडे-खेळणी काही दिवस उचलून ठेवलेली बरी. पहिले काही आठवडे दोघांना एकटे सोडू नये. आणि जुना गुरगुरला म्हणून त्याला फटका देऊ नये. गुरगुरणे हे त्याचे 'पुरे' म्हणणे असते. ते बंद केले, तर पुढच्या वेळी तो न सांगता चावतो.

एकाच घरातील कुत्र्यांच्या भांडणांचा अमेरिकेतील एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ३८ जोड्यांपैकी जवळजवळ चार पंचमांश जोड्या समलिंगी होत्या आणि कुरापत काढणारा बहुधा धाकटा किंवा नव्याने आलेला होता. नर आणि मादी यांची जोडी त्यातल्या त्यात सुखाची, असे जाणकार म्हणतात ते यामुळेच. परंतु मग शस्त्रक्रिया टाळता येत नाही. मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, गर्भकाळ अवघा ६३ दिवसांचा असतो, आणि सोबतीच्या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या घरात वर्षाच्या आत पाचवे-सहावे जनावर वावरू लागते.

पिल्लूच हवे हा हट्टही तपासून पाहावा. २०१७ च्या श्वानपैदास नियमांनी आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकण्यास मनाई केली, ती योग्यच होती. दात किती जोराने लावावेत हे पिल्लू आईपाशी आणि भावंडांतच शिकते. पण दहा-अकरा वर्षांच्या, सांधे धरलेल्या कुत्र्यापुढे दोन महिन्यांचे पिल्लू सोडणे म्हणजे निवृत्त माणसाच्या खोलीत बालवाडी भरविणे होय. लहान जातीची प्रौढ कुत्री आज प्राणिसंस्थांच्या निवाऱ्यांत टाकून दिलेली सापडतात. त्यांचा स्वभाव बनलेला असतो, तो आधी पारखता येतो आणि दोघांची भेट घडवून मग निर्णय घेता येतो. एखादा टाकलेला जीव घरी लागतो, हा लाभ वेगळाच.

खर्चाचे सांगावयास नको. लशी, दातांची दुखणी आणि लहान जातींत नेहमी आढळणारे गुडघ्याची वाटी सरकणे, हे सारे दुहेरी होते. गृहनिर्माण संस्थेला बहुमतानेही कुत्रा पाळण्यास बंदी करता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. पण खालच्या मजल्यावरील म्हाताऱ्या माणसाची दुपारची झोप कोणत्याही परिपत्रकाने सांभाळली जात नाही. ती दुसरा कुत्रा आणणाऱ्यालाच सांभाळावी लागते.

आणखी एक गोष्ट उत्साहाच्या भरात कोणी बोलत नाही. लहान कुत्री बारा ते पंधरा वर्षे जगतात. दोघांच्या वयांत अंतर असले, की एक दिवस एक जण मागे उरतो. इटलीत ४२६ कुत्रापालकांना विचारून केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सोबती मेल्यानंतर मागे राहिलेल्या कुत्र्याच्या वागण्यात फरक पडला, असे त्यांपैकी ८६ टक्के लोकांनी सांगितले. खेळणे कमी झाले, खाणे कमी झाले, माणसाला चिकटून राहणे वाढले. ज्याला एकटेपण माहीत नव्हते, त्याला ते उतारवयात शिकावे लागते. त्या दिवसांत त्याच्यापाशी बसावयास घरात कोणाला सवड असेल, हा हिशेब दुसरा कुत्रा आणतानाच करावयाचा असतो.

निश्चय होत नसेल त्यांच्यासाठी एक सोपा उपाय आहे. मे महिन्यात किंवा दिवाळीत गावी जाणारे परिचित आपला कुत्रा कोठे ठेवावा या विवंचनेत असतात. लसीकरण झालेला, आकाराने जुळता असा एखादा कुत्रा पंधरा दिवसांसाठी घरी आणावा. पहिले तीन दिवस धरू नयेत. तेव्हा दोघेही पाहुण्यासारखे वागतात. चौथ्या दिवसानंतर कोण कोणाच्या भांड्याशी जातो, जुना कुत्रा कोपऱ्यात जाऊन बसतो की दारात पाहुण्याची वाट पाहतो, आणि रात्री दहा वाजता दोघांना खाली फिरवून आणण्यास घरातील कोण उठतो, ते पाहावे. पंधराव्या दिवशी पाहुण्याचे मालक त्याला न्यावयास येतील.