सामायिक संचिका प्रणालीतील वापरकर्ता प्रमाणीकरण

सामायिक संचिका प्रणालीतील वापरकर्ता प्रमाणीकरण म्हणजे संगणक-जाळ्यावरून दुसऱ्या संगणकातील संचिका उघडू पाहणारी व्यक्ती नेमकी कोण आहे, याची खात्री सर्व्हरने करून घेण्याची पद्धत होय. दूरच्या सर्व्हरवरील फोल्डर आपल्या संगणकाला जोडून घेण्याच्या क्रियेस 'माउंट करणे' असे म्हणतात. माउंट केलेला फोल्डर स्थानिक डिस्कचाच भाग असल्यासारखा वापरता येतो. या कामासाठी युनिक्स व लिनक्स प्रणालींत प्रामुख्याने एनएफएस, तर विंडोजमध्ये एसएमबी हा प्रोटोकॉल वापरला जातो. अशा जोडण्यांतील ओळखपत्रे चोरीला गेल्यास काय घडू शकते, याचे भारतातील ठळक उदाहरण म्हणजे रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथे जून २०१७ मध्ये झालेली घटना.

एनएफएसमधील मूळ विश्वास-पद्धती

एनएफएस ही प्रणाली सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने १९८४ मध्ये विकसित केली. (पुण्यात जन्मलेले विनोद खोसला हे या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक.) त्या काळी एका संस्थेतील सर्व संगणक एकाच व्यवस्थापकाच्या ताब्यात असत. त्यामुळे सर्व्हर वापरकर्त्याची नव्हे, तर त्याच्या संगणकाची ओळख पाहत असे. ऑथ-सिस या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आजही अनेक ठिकाणी मूलनिवड म्हणून चालू आहे.

या पद्धतीत क्लायंट संगणक प्रत्येक विनंतीसोबत वापरकर्त्याचा क्रमांक, उदाहरणार्थ १००१, पाठवतो आणि सर्व्हर तो खरा मानतो. परवलीचा शब्द कोठेही तपासला जात नाही. ज्याच्याकडे क्लायंट संगणकाचे व्यवस्थापकीय अधिकार आहेत, तो १००१ क्रमांकाचे खाते स्वतःच तयार करून दुसऱ्याच्या संचिका वाचू शकतो. बंदराच्या फाटकावरील पहारेकऱ्याने मालमोटारीच्या चालकाला नाव विचारावे आणि तो सांगेल ते नोंदवून आत सोडावे, तसा हा प्रकार आहे. सर्व्हरवरील 'रूट-स्क्वॉश' या निवडीने संरक्षण होते, असा समज आढळतो. प्रत्यक्षात ती केवळ शून्य क्रमांकाच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे अधिकार काढून घेते; इतर क्रमांकांची तोतयेगिरी तिने थांबत नाही. ठरावीक आयपी पत्त्यांनाच माउंट करू देणे हाही अपुराच उपाय होय, कारण पत्ता बदलता येतो.

कर्बेरॉस

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या अथीना प्रकल्पात कर्बेरॉस ही प्रमाणीकरण प्रणाली तयार झाली. तिच्यात वापरकर्ता आणि सर्व्हर हे दोघेही एका तिसऱ्या यंत्रणेवर, म्हणजे किल्ली-वितरण केंद्रावर विश्वास ठेवतात. वापरकर्त्याने परवलीचा शब्द दिल्यावर केंद्राकडून त्याला मुदतबंद तिकीट मिळते, आणि त्याच्या आधारे विशिष्ट सर्व्हरपुरते वेगळे तिकीट मागता येते. परवलीचा शब्द जाळ्यावरून जात नाही. एका सर्व्हरसाठीचे तिकीट दुसऱ्याकडे चालत नाही. तिकिटांवर वेळेची नोंद असल्याने सर्व संगणकांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. साधारणपणे ५ मिनिटांहून अधिक फरक पडल्यास प्रवेश नाकारला जातो. माउंट न होण्याच्या कित्येक तक्रारींचे मूळ या साध्या कारणात असते.

एनएफएसला कर्बेरॉसची जोड देणारी आरपीसीसेक-जीएसएस ही व्यवस्था १९९७ मध्ये आरएफसी २२०३ द्वारे प्रमाणित झाली. तिच्या तीन पातळ्या आहेत. 'केआरबी५' पातळीवर फक्त वापरकर्त्याची ओळख पटवली जाते. 'केआरबी५आय'मध्ये मजकुरात वाटेत फेरफार झाल्यास तो उघडकीस येतो. 'केआरबी५पी'मध्ये सर्व मजकूर सांकेतिक रूपात जातो आणि मधल्या कोणालाही वाचता येत नाही. तिसऱ्या पातळीला संगणकीय श्रम अधिक लागतात. सर्व्हरच्या निर्यात-यादीत कर्बेरॉससोबत जुनी ऑथ-सिस पद्धतही मान्य ठेवली, तर या साऱ्या व्यवस्थेला अर्थ उरत नाही. घुसखोर जुनीच पद्धत मागतो.

न्हावा-शेवा येथील घटना

उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. भारतातील कंटेनर वाहतुकीचा मोठा वाटा या बंदरातून जातो. गेटवे टर्मिनल्स इंडिया हे येथील टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्स ही कंपनी कॉनकॉरच्या भागीदारीत चालवते.

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' ही विध्वंसक आज्ञावली युक्रेनमधील 'एम.ई.डॉक' या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्यतनातून पसरली. मर्स्क समूहाच्या संगणकांना तिची लागण झाली आणि न्हावा-शेवा येथील टर्मिनलचे कामकाजही ठप्प झाले. हजारो कंटेनरांपैकी कोणता कोठे ठेवला आहे आणि तो कोणत्या जहाजावर चढवायचा आहे, हे संगणकावरच नोंदलेले असते. त्यामुळे क्रेन सुस्थितीत असूनही काम अडले. हाताने नोंदी करून काम रेटण्याचा प्रयत्न झाला. कंटेनरांची कोंडी होण्याची शक्यता ध्यानात घेऊन नौवहन मंत्रालय व बंदर प्रशासनाला उपाययोजना करावी लागली.

नॉटपेट्याच्या प्रसाराची रीत या लेखाच्या विषयाशी थेट निगडित आहे. एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील 'इटर्नलब्लू' त्रुटीचा तिने वापर केला हे खरे; मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच प्रसिद्ध केली होती. परंतु दुरुस्त केलेले संगणकही वाचले नाहीत. लागण झालेल्या संगणकाच्या स्मृतीतून ही आज्ञावली वापरकर्त्यांची ओळखपत्रे काढून घेई, त्यांच्या आधारे शेजारच्या संगणकातील व्यवस्थापकीय सामायिक फोल्डरात स्वतःची प्रत ठेवी आणि ती दुरून चालवी. ओळखपत्र खरेच असल्याने समोरचा संगणक प्रवेश नाकारत नसे. खंडणीचा संदेश दिसत असला तरी पैसे भरून विदा परत मिळण्याची सोयच नव्हती. मर्स्कने या हल्ल्यामुळे २५ ते ३० कोटी डॉलरचे नुकसान झाल्याचा अंदाज जाहीर केला. सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणकांवर सर्व प्रणाली नव्याने बसवाव्या लागल्या.

मर्यादा व पूरक उपाय

कर्बेरॉसनेही ओळखपत्राची चोरी पूर्णपणे टळत नाही. क्लायंट संगणकावर सर्वाधिकार मिळवणारा घुसखोर तेथे त्या वेळी काम करणाऱ्यांची तिकिटे उचलू शकतो. ऑथ-सिसमध्ये त्याला कोणाचेही सोंग घेता येते, येथे मात्र हाती लागलेल्या तिकिटांपुरते आणि त्यांच्या मुदतीपुरतेच. म्हणूनच व्यवस्थापकाचे खाते रोजच्या कामाच्या संगणकावर न वापरणे हा नियम प्रोटोकॉलच्या निवडीइतकाच महत्त्वाचा ठरतो. एकच व्यवस्थापकीय परवलीचा शब्द अनेक संगणकांवर ठेवणे तर आगीला आमंत्रणच आहे.

एसएमबीची पहिली आवृत्ती बंद ठेवणे, संदेशांवर स्वाक्षरी सक्तीची करणे आणि २०१२ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीतील सांकेतिकीकरण वापरणे हे विंडोजमधील समांतर उपाय होत. एनएफएसची चौथी आवृत्ती एकाच पोर्टवर, २०४९ वर, चालते, त्यामुळे फायरवॉलची आखणी सोपी होते. तिसऱ्या आवृत्तीत माउंट व कुलूपबंदीसाठी वेगळे प्रोटोकॉल असतात आणि त्यांकडे दुर्लक्ष होते. २०२२ मधील आरएफसी ९२८९ नुसार एनएफएसची वाहतूक टीएलएसने झाकता येते. मात्र त्यात संगणकाची ओळख पटते, वापरकर्त्याची नव्हे. व्यक्तीची खात्री हवी असल्यास कर्बेरॉस लागतोच. रात्री आपोआप चालणाऱ्या कामांसाठी परवलीचा शब्द द्यायला कोणी हजर नसते. त्यांच्याकरिता किल्ली-संचिका सर्व्हरवर साठवावी लागते आणि ती केवळ त्या कामाच्या खात्यालाच वाचता येईल अशी ठेवावी लागते.